पंपाचा फ्यूज वाढला

माझ्या बायकोच्या आत्याच्या घरात गेल्या वीस-बावीस वर्षांत एकही वस्तू मोडलेली नाही, फुटलेली नाही, तुटलेली नाही, संपलेली नाही आणि विझलेली तर मुळीच नाही. वस्तू तुमच्याआमच्या घरात मोडतात तशाच तिथेही मोडतात; कपबश्या जरा जास्तच, कारण आत्या भांडी घासते ती त्यांच्याशी जुनं वैर असल्यासारखी. पण मोडलं, फुटलं असं त्या घरात म्हणायची सोय नाही. तिथे सगळं वाढतं. आपण नारळ वाढवतो, दिवसाअखेर दुकान वाढवतो, हातातली बांगडी पिचली तर वाढली म्हणतो, एवढं अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आत्याने मात्र हा शब्द एकदा हातात घेतला तो पुन्हा खाली ठेवलाच नाही. तिच्याकडे कप वाढतो, चपलेचा अंगठा वाढतो, बादलीची कडी वाढते, गॅसची टाकी वाढते. एकदा विहिरीवरची मोटार जळाली तेव्हा तिने दुरुस्तीवाल्याला निरोप धाडला की आमची मोटार वाढलीय, आणि तो बिचारा हिने दुसरी मोटार घेतली असं समजून पेढे खायला आला. वीजकपातीच्या काळात सगळं गाव लाइट गेली म्हणून कपाळाला हात लावून बसायचं. आत्याकडची लाइट कधीच गेली नाही. तिची लाइट फक्त यायची राहिलेली असायची.

गावात एकदा आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. नर्सबाई घरोघर फिरत आत्याच्या ओट्यापाशी आल्या, तेव्हा आत्या कुंपणावरून शेजारणीला सांगत होती, 'माझी साखर वाढलीय गं, वाटीभर दे.' नर्सबाईंनी कानांनी ऐकलं आणि हातांनी पिशवी उघडली. आत्याला खुर्चीत बसवलं, बोटाला सुई टोचली, थेंब काढला आणि यंत्रात आकडा बघून जाहीर केलं की साखर अगदी व्यवस्थित आहे. आत्या म्हणाली, बाई, व्यवस्थित कशी, डबा उघडून बघा की. पुढे कितीतरी दिवस ती लोकांना सांगत होती की सरकार आता साखर मोजायला घरी माणूस पाठवतं, पण देत काही नाही.

ही आत्या म्हणजेच माझ्या बायकोचं माहेर. बायकोचे आईवडील ती लहान असतानाच वारले आणि आत्याने तिला स्वतःच्या मुलाबरोबर वाढवलं. इथे वाढवलं हा शब्द मी सरळ अर्थाने वापरतो आहे. या घराबद्दल लिहिताना हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं. घर नाशिकजवळ, मखमलाबादच्या पुढे, मळ्यात. सात-आठ पिढ्या फुलांच्या: झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. आत्याच्या यजमानांनी फुलं पंचवटीतल्या बाजारात न्यायला एक जुनी व्हॅन घेतली होती, मागच्या सीटा काढलेली. घेतल्यावर वर्षभरातच ते तापाचं निमित्त होऊन गेले. (माझी बायको त्यांना मामा म्हणायची. आत्या 'पुढं झाले' म्हणते.) व्हॅन अंगणात उभी राहिली. आता ही विकणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं, दोघे तर बघूनही गेले. आत्याने तेरावा उरकला आणि व्हॅन शिकायला काढली.

ती शिकली तीही रस्त्यावर नाही. झेंडू काढून मोकळ्या झालेल्या वावरात शिकली, एकटी. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं तिचं गाडी चालवणं औतासारखं होतं. सरळ एका रेषेत जायची आणि वळण आलं की थांबायची, मागे बघायची, मग सबंध वळायची. पाठीमागच्या मोटारसायकलवाल्यांनी कितीही कर्णे वाजवले तरी तिच्या सरीत फरक पडत नसे. साडीचा काचा मारलेला, डोक्यावर पदर, पदरावर रुमालाची घट्ट गाठ आणि काचेला नाक लागेल इतकी पुढे सरकवलेली सीट. चौकातला हवालदार पहिल्यांदा तिला अडवायला पुढे झाला तेव्हा तिने काच खाली करून त्याच्या हातात दोन शेवंतीची फुलं ठेवली आणि म्हणाली, 'देवाला वाहा, दादा.' त्याला लायसन विचारायचं सुचलं नाही. लायसन तिच्याकडे होतं, हे विशेष.

पण तिची खरी हुकमत इंजिनावर होती. त्या व्हॅनचा पेट्रोलचा पंप विजेवर चालायचा. किल्ली अर्धी फिरवली की मागच्या टाकीतून दोन सेकंद घुंऽऽ असा बारीक आवाज येई आणि थांबे. पंप जिवंत आहे, पेट्रोल पुढे सरकलं, याची ती खूण. तो आवाज ऐकल्याशिवाय आत्या किल्ली पुढे फिरवत नसे, आणि तो ऐकता यावा म्हणून गाडीच्या आसपास कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, रेडिओ लावायचा नाही. 'पंपाला बोलू दे' म्हणायची. एकदा गावातली नवरी हिच्या व्हॅनमधून मांडवात न्यायची होती आणि वऱ्हाडाचा बँड नेमका व्हॅनला खेटून वाजत होता. आत्या खाली उतरली, बँडमास्तरपुढे हात जोडले आणि दोन सेकंद गप्प राहा म्हणाली. बँड थांबला. बँड का थांबला म्हणून वऱ्हाड थांबलं. नवरदेवाची घोडीसुद्धा कान टवकारून उभी राहिली. आत्याने अर्धी किल्ली फिरवली, घुंऽऽ ऐकलं, खिडकीतून मान हलवली, आणि मग बँड पुन्हा सुरू झाला. नवरीच्या बापाला वाटलं हा काहीतरी त्यांच्यातला विधी असावा. त्याने धाकट्या मुलीच्या लग्नात तो आठवणीने करून घेतला.

पंप बोलला नाही तर काय करायचं, हेही तिचं ठरलेलं होतं. आधी फ्यूज. फ्यूजची पेटी स्टीअरिंगच्या खाली, उजव्या गुडघ्यापाशी. ती बघायची म्हणजे दार उघडून सीटवर आडवं व्हायचं, डोकं आत आणि पाय बाहेर. मळ्यावरून जाणाऱ्या माणसाला व्हॅनच्या दारातून बाहेर आलेले आत्याचे दोन पाय दिसले की तो विचारायचा, 'काय, पंप बोलंना का?' झाकणाच्या आत कोणता फ्यूज कशाचा याचा इंग्रजी नकाशा होता. तो आत्याच्या काही कामाचा नव्हता. तिने रंगांना फुलांची नावं दिली होती. लाल तो जास्वंद, पिवळा तो झेंडू, निळा तो गोकर्ण आणि सगळ्यांत दांडगा जो हिरवा, त्याला फूल नाही म्हणून पाला. वरच्या रांगेतलं डावीकडून तिसरं घर पंपाचं, तिथे गोकर्ण. चिमट्याने तो उपटायचा आणि आभाळाकडे धरून बघायचा. आत बारीक दोरा असतो. तो अखंड दिसला तर फ्यूज बरा, मधेच काळा होऊन सुटलेला दिसला तर वाढला. जवळ दुसरा नसेल तर हॉर्नचा गोकर्ण काढून पंपाच्या घरात बसवायचा. आत्याचं म्हणणं असं की हॉर्न वाजवून कुणी बाजारात पोचत नाही. आणि नवा घातलेलाही लगेच गेला, तर कुठेतरी वायर उघडी पडून पत्र्याला लागतेय असं समजायचं आणि ती शोधायची. हे ज्ञान तिला एका म्हाताऱ्या मेस्त्रीने दिलं होतं आणि तिने ते तुळशीच्या मंजिऱ्यांसारखं जपलं होतं.

इतकी डोळस बाई शब्दांना एवढी का भिते, हे माझ्या बायकोने एकदा धीर करून तिला विचारलं होतं. आत्या फुलं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'मामा पुढं झाले त्या दिवशी बायांनी माझ्या बांगड्या फोडल्या. फोडा गं, म्हनल्या. फोडाच म्हनल्या. तवाच ठरवलं, या घरात आता काही फुटायचं नाय.' बायकोने पुन्हा कधी विचारलं नाही. मला तिने हे लग्नानंतर सांगितलं, पण थोडं उशिरा.

आता मुलाबद्दल. आत्याचा मुलगा पुण्याला नोकरीला. सरळ, कष्टाळू आणि काळजीखोर. आई पहाटे गाडी घेऊन निघते आणि आपण चार-पाच तासांच्या वाटेवर, या विचाराने त्याला झोप लागत नसे. शिवाय लोकांची तोंडं होतीच: पोरगा पुण्यात खुर्चीत बसतो आणि आई गाडी हाणते. त्याने आईपुढे एक अट ठेवली होती. ज्या दिवशी गाडी वाटेत बंद पडेल आणि तुला दुसऱ्या कुणाची गाडी बोलवावी लागेल, त्या दिवशी किल्ली माझ्याकडे द्यायची. व्हॅन विकायची, फुलांना भाड्याचा टेम्पो लावायचा. आत्या म्हणाली, 'बरं.' पाच वर्षं ती व्हॅन वाटेत एकदाही अडली नाही, कारण अडू द्यायची नाही हे आत्याने ठरवलं होतं. ती पहाट, तो रस्ता आणि ते स्टीअरिंग एवढंच तिचं स्वतःचं होतं. बाकी सगळं घरचं, मळ्याचं आणि मुलाचं. यात माझा प्रवेश झाला तो नवा जावई म्हणून.

मी नाशिक शहरातला. सातपूरला एका कारखान्यात नोकरी. शिक्षण इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाचं, पण काम खरेदी विभागात. म्हणजे यंत्रांशी माझा संबंध कोटेशनपुरता. सासरी मात्र 'आमचे जावई इंजिनेर' अशी बातमी पसरली होती आणि ती खोडून काढण्याइतका प्रामाणिकपणा माझ्यात नव्हता. आत्या मला जावईबापू म्हणायची. मी येताना दिसलो की पदर सावरून उभी राहायची. मी पाण्याचा तांब्या स्वतः उचलला तर घरात कुणाचं तरी चुकलं असं धरलं जायचं. असा लग्नानंतरचा माझा पहिला दसरा आला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी कारखान्यात असताना आत्याचा फोन आला. तिच्या बाजूला फुलं तोडणाऱ्या बायकांचा गलका, माझ्या बाजूला प्रेसचा दणदणाट. 'जावईबापू, पंपाचा फ्यूज वाढलाय बगा. सांजच्याला तुमी येणारच आहात, तर तेवढं बघता का? किल्ली खुंटीला हाय. माझा हात काय मोकळा होत नाय आज.' मी म्हणालो, बघतो की, काळजी करू नका. फोन ठेवला आणि मनात अर्थ लावला. घरात कप वाढतो हे मला तोवर दोन-तीनदा ऐकून ठाऊक झालं होतं. पण फ्यूज ही तांत्रिक वस्तू. तांत्रिक बाबतीत माणूस तांत्रिकच बोलणार. बाई म्हणतेय फ्यूज वाढवायचाय. सारखा उडत असेल, म्हणून मोठा घालायचा असेल. किती शहाणी बाई, असंही मनात आलं. येताना मी दुकानात थांबलो. दुकानदाराने विचारलं, सध्या किती ॲम्पिअरचा आहे? मी म्हणालो, ते सोडा, वाढवायचाय, मोठ्यात मोठा द्या. त्याने हिरवा दिला. मी तो घेऊन मळ्यावर पोचलो तेव्हा सगळे वावरात होते. मी किल्ली घेतली, दारातून पाय बाहेर काढून आडवा झालो, रिकामं घर शोधलं आणि हिरवा फ्यूज दाबून बसवला. किल्ली अर्धी फिरवली. घुंऽऽ. आयुष्यात पहिल्यांदा मला इंजिनिअर झाल्यासारखं वाटलं.

खरं म्हणजे त्या आठवड्यात दोन गोकर्ण लागोपाठ गेले होते. ड्रायव्हरच्या सीटखाली एक वायर घासून उघडी पडत चालली होती आणि फ्यूज बिचारा मरून मरून ते सांगत होता. आत्याला ते कळलंही होतं. दसरा झाला की वायर शोधायची असं तिने ठरवलं होतं. तोवर धोका नको म्हणून तिला फक्त तसाच निळा हवा होता. गोकर्ण घातला असता तर फार तर तो पुन्हा उडाला असता. मी घातला दुप्पट ताकदीचा पाला. म्हणजे दारावरचा राखणदार काढून तिथे बहिरा माणूस बसवला. आणि आत्या, जी मेस्त्रीच्या हातचं कामसुद्धा दोनदा बघायची, तिने त्या दिवशी पेटीचं झाकण उघडून पाहिलं नाही. जावयाने केलेलं काम तपासायचं नसतं. पंप बोलला, ती 'देव पावला' म्हणाली आणि माझ्यासाठी भजी तळायला गेली.

दसऱ्याच्या सकाळी उजाडता उजाडता आम्ही निघालो. मागे छतापर्यंत झेंडू, पुढे आत्या, तिच्या शेजारी सुट्टीला आलेला तिचा मुलगा आणि मागे करंड्यांच्या मधे कसाबसा मी, कारण जावईबापूंना फुलबाजार बघायचा होता. पाटाच्या पुलाच्या अलीकडे मला जळका वास आला. मी काही बोलायच्या आत सीटखालून धूर निघाला. आत्याने गाडी कडेला घेतली, किल्ली बंद केली, आम्हाला बाहेर काढलं, सीट उचलून बॅटरीची वायर ओढून काढली आणि धुरावर दोन ओंजळी माती टाकली. हे सगळं माझी घाबरून ओरडायची तयारी होईपर्यंत संपलं होतं. मग ती नेहमीसारखी आडवी झाली. डोकं आत, पाय बाहेर. पेटी उघडल्याचा आवाज आला.

ती उठली तेव्हा तिच्या चिमट्यात हिरवा फ्यूज होता. तिने तो आभाळाकडे धरला. वायर जळून कोळसा झाली होती आणि फ्यूजचा दोरा ठणठणीत होता. तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण मला सगळं कळायला तेवढा पुरला. आदल्या दिवशीचं तिचं वाक्य मला तेव्हा पहिल्यांदा मराठीत ऐकू आलं. तिने मूठ मिटली.

मुलाने विचारलं, 'काय झालं, आई?'

आत्या म्हणाली, 'काही नाय रे. फ्यूज वाढला व्हता.'

मुलगा याच घरात लहानाचा मोठा झालेला. त्याने त्याला सवयीचा असलेला अर्थ घेतला: फ्यूज उडाला, गाडी जुनी झाली, आईला आता झेपत नाही. मला दुसरा अर्थ लागला. वाढला होता खरा, मीच वाढवला होता. आत्या आयुष्यात खोटं बोललेली नव्हती आणि त्या दिवशीही बोलली नाही. मी तोंड उघडलं, तर ती लगेच म्हणाली, 'जावईबापू, तुमी तेवढे करंडे उतरवून घ्या.' आणि मी उतरवायला लागलो. हे मला अजून लिहितानाही सहन होत नाही, पण मी खरोखरच करंडे उतरवायला लागलो. मागून शेजारच्या मळ्याची पिकअप आली, तिला हात केला, फुलं तिच्यात चढली आणि बाजारातही वेळेवर पोचली. झेंडूला काही झालं नाही. पुलाच्या कठड्यापाशी मुलाने हात पुढे केला. तो काही रागाने बोलला नाही, उलट रडवेला झाला होता. 'आई, तू शब्द दिलायस,' एवढंच म्हणाला. आत्याने किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. मला तिचा तोवरचा सगळ्यात जास्त दरारा वाटला तो ती गाडी चालवत नसताना.

दसरा ते दिवाळी वीसेक दिवस. रोज सकाळी कामावर जाताना मी ठरवायचो की आज मुलाला पुण्याला फोन करून खरं सांगायचं, आणि रोज संध्याकाळी बायकोला सांगायचो की लाइन लागली नाही. ती म्हणायची, लाइनला कशाला दोष देता. तिला मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. आत्याने मात्र तिला माझ्यावर रागावू नको, पोरं नवीन असतात असा निरोप दिला होता. त्या वीस दिवसांत मुलाने वायर बदलून घेतली आणि व्हॅनला गिऱ्हाईक बघितलं. ते मिळालंही. हरसूलचा एक भला माणूस, आठवड्याच्या बाजाराला भाजी न्यायला त्याला गाडी हवी होती. तो न्यायला आला त्या दिवशी आत्याने म्हणे त्याला शेजारी बसवून पंपाचा आवाज ऐकवला, पेटी दाखवली आणि गोकर्ण कुठला ते पाठ करून घेतलं.

मग आमचा दिवाळसण आला. जावयाच्या आयुष्यात याच्यावर मान नाही. पाट, भोवती रांगोळी, नवे कपडे, चांदीची वाटी. ताटात बोटं बुडतील एवढं श्रीखंड. मुलगा समोरच्या पाटावर. अंगणात व्हॅनच्या जागी नुसता तेलाचा डाग, आणि त्याच्यावरही कुणीतरी रांगोळीचं बोट ओढलेलं. आत्या पळी घेऊन माझ्यासमोर वाकली आणि म्हणाली, 'जावईबापू, वाढू का?'

मला हसावं की रडावं कळेना. मी वाटीवर हात धरला आणि सगळं बोलून टाकलं. फोन, दुकानदार, हिरवा फ्यूज, वायर, पूल, सगळं. मुलाकडे बघून बोललो, कारण आत्याकडे बघवत नव्हतं.

आत्याची पळी हवेतच राहिली होती. ती एकदम कडाडली, 'तुला कुनी इचारलं व्हतं का रे? इतके दिस गप बसला व्हतास, अजून बसायला काय झालं व्हतं तुला?'

घर माझ्या कबुलीने हादरलं नव्हतं एवढं या 'तुला'ने हादरलं. जावयाला, दिवाळसणाच्या पाटावर, अरे-तुरे. आत्याच्याही ते लक्षात आलं. तिने पदर तोंडाला लावला आणि माजघरात गेली. मुलाने हात धुतले आणि तिच्या मागे गेला. आतून त्याचा आवाज आला, मला का नाही सांगितलंस. ती काय म्हणाली तेही ऐकू आलं. म्हणाली, 'जावयाचा पयला दसरा व्हता.'

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि मी हरसूलला गेलो. माणूस खरोखर भला होता. त्याने चहा पाजला, ऐकून घेतलं, पण गाडी परत द्यायला नाही म्हणाला. त्याचे बाजार आता तिच्यावर चालत होते आणि गाडी तक्रार करत नव्हती. आम्ही परत आलो. मुलाने आईला दुसरी गाडी घेऊन देतो म्हटलं, अट-बिट काही नाही म्हटलं. आत्या नको म्हणाली. ती गाडी मामांनी आणलेली होती. दुसरीला काय शिकवत बसू, म्हणाली.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. आत्या आता सत्तरीच्या पुढे आहे. भाऊबंदांतल्या बाकीच्या जावयांना ती अजून अहो-जाहो करते, ते आले की पदर सावरून उभी राहते. मला म्हणते, 'आलास? आधी मोटार चालू कर, मग बस.' तांब्या मीच भरून घेतो. माझ्या हातून काही मोडलं तर सरळ ओरडते. दिवाळसणाच्या त्या पाटावरून मी उठलो तो घरचा होऊन उठलो, आणि त्यासाठी मी काही दिलं नाही. दिलं ते तिने. म्हणून तिने मला अरे म्हटलं की बरं वाटतं आणि लगेच लाजही वाटते. दोन्ही एकदमच होतं, अजूनही.

दर दसऱ्याला सकाळी तिला माझ्या गाडीतून बाजारात नेतो. ती शेजारी बसते. एके काळी हवालदारालाही रस्ता शिकवणारी बाई माझ्या चालवण्याला कधी नाव ठेवत नाही. बाजारातले जुने लोक अजून विचारतात, 'आत्या, तुमची गाडी काय झाली?' विकली असं ती एकदाही म्हणालेली नाही. ती म्हणते, 'हरसूलला नांदायला दिलीय. सुखात हाय.' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, तिचं नेहमीचंच, वाईट शब्द टाळायची सवय. पण हे सांगताना ती त्या लोकांकडे बघत नाही, माझ्याकडे बघते. हा 'नांदायला' शब्द तिने माझ्यासाठी शोधलाय, मला बोचू नये म्हणून. मला तिच्याकडे बघवत नाही. मी मान खाली घालून झेंडूचे करंडे उतरवत राहतो.